मुक्काम पोस्ट कर्नूल

"पहाटे चारला निघायचं, रात्री दहाला लेकीच्या दारात!"

जेवता जेवताच ह्यांनी फर्मान काढलं. मी वाढत होते. सासूबाई भाकरीचा तुकडा मोडत होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नेहमीप्रमाणे दोघीही गप्प बसलो.

ही गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. संक्रांतीचं हळदीकुंकू नुकतंच आटोपलं होतं. लेक बंगळुरूला, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं अशी रीत. पण तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली. मग काय, माहेरच तिच्याकडे निघालं. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं, सासूबाईंनी शिवलेल्या दोन गोधड्या, झबली-टोपडी, बाळंतशेपा, शेगडी. एवढं सामान आणि सासूबाईंचे गुडघे. रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळेना, तेव्हा आपलीच गाडी काढायची ठरली.

आमच्या हिंगणघाटहून बंगळुरू म्हणजे जवळजवळ एक हजार किलोमीटर. रस्ता एकच, नागपूरहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ४४. नाकासमोर दक्षिणेला जायचं. आदिलाबाद, निर्मळ, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर आणि बंगळुरू. ह्यांचं कापडाचं छोटं दुकान आहे. दुकानात बसायला येणारे एक मित्र नेहमी सांगायचे, "मी तर एका दमात गेलो बुवा, कुठे मुक्काम नाही की काही नाही." ते ऐकल्यापासून ह्यांच्या डोक्यात 'एका दमात' पक्कं बसलं होतं. त्यात मुक्काम केला की दुकान आणखी एक दिवस बंद, खोलीचे पैसे वेगळे.

मी भीत भीत म्हटलं, "हैदराबादच्या पुढे कुठे तरी रात्री थांबूया का?"

"बघू. दमलो तर थांबू."

मैत्रिणींनो, या 'बघू'ने माझ्या पोटात गोळा आला. कारण सात वर्षांपूर्वीही आम्ही असंच 'बघू' म्हणून निघालो होतो.

२०१७ चा मे महिना. पुण्याहून भाच्याचं लग्न आटोपून परत येत होतो. रात्रभर चालवून सकाळी घरी पोचायचं आणि दुकान उघडायचं, असा बेत. मागे मुलगा आणि सासूबाई झोपलेले. ड्रायव्हरशेजारी बसणारीचं काम काय, तर जागं राहायचं, गोळ्या-बडीशेप पुढे करायची, काहीबाही बोलत राहायचं. मीही लग्नघरात दोन रात्री जागलेली. मेहकरच्या पुढे पहाटे चारच्या सुमारास माझा डोळा लागला. चाकांखाली डांबराऐवजी मुरूम खडखडला तशी मी दचकून जागी झाले. गाडी रस्ता सोडून उतरली होती आणि दिव्याच्या झोतात समोर बाभळीचं झाड. ह्यांनी कचकन ब्रेक दाबला. झाड चार हातांवर राहिलं.

मागचे दोघे झोपेतच "काय झालं?" म्हणाले. हे म्हणाले, "काही नाही, खड्डा होता." मी डोळे मिटून घेतले. मला सगळं कळलंय हे ह्यांना कळू दिलं नाही. का? माणसाचा अपमान होईल म्हणून. रस्त्यात भांडण नको म्हणून. आपल्यालाही डोळा लागला होता, त्याची लाज वाटली म्हणून. घरी येऊन देवाजवळ दिवा लावला आणि विषय संपवला. म्हणजे मला वाटलं, संपवला.

तर लेकीकडे निघालो. चारचे साडेपाच झाले. ह्यांना मात्र साडेतीनलाच जाग आली होती आणि झोपायला आदल्या रात्री बारा वाजलेले. पैनगंगा ओलांडली, आदिलाबादला इडली खाल्ली. निर्मळच्या अलीकडचा घाट उतरताना सगळे मजेत होतो. सासूबाई तेवढ्या पाणी पीत नव्हत्या. घोटभर दिलं तरी ओठ ओले करून बाटली परत.

"प्या ना आत्या, ब्लडप्रेशरची गोळी आहे तुमची."

"मंग गाडी थांबवा लागते वो. त्याचा टाइम जाते."

हे आपल्या सगळ्यांचंच दुखणं आहे. पुरुषमाणूस गाडीतून उतरतो आणि कुठेही उभा राहतो. बायका निघायच्या आधीपासून पाणी तोडतात. एका पंपावर थांबलो तर बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. चावी मागितली तर पोरगं दुसरीकडे बघायला लागलं. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि चाकात हवा या सोयी मोफत द्यायच्या असतात. पेट्रोल भरलं नाही तरी. ते मला ठाऊक होतं, म्हणून मी हटले नाही. चावी मिळाली. पण 'एका दमात' जायचं असलं की त्या दमाची किंमत पहिल्यांदा घरातल्या बायका मोजतात, अगदी तहान मारून, हे त्या दिवशी मला लख्ख दिसलं.

हैदराबादला शहरात न शिरता बाहेरच्या रिंग रोडने शमशाबादकडे निघालो. जेवायला दुपारचे दोन वाजले. पुढे जडचेर्ला आलं आणि जावयांचा फोन आला.

"आई, हिला अ‍ॅडमिट केलंय. कळा सुरू झाल्यात. अजून वेळ लागेल म्हणतात डॉक्टर, पण..."

झालं! गाडीतलं वातावरणच बदललं. तिच्याजवळ बाईमाणूस कोणी नाही. विहीणबाई चार दिवसांनी यायच्या होत्या. ह्यांनी काही न बोलता गाडीचा वेग वाढवला. आता थांबायचा प्रश्नच नव्हता. माझाही नव्हता, खोटं का बोलू? माझं सगळं चित्त तिकडे. कृष्णा ओलांडली तेव्हा हात जोडायचं भान राहिलं नाही.

सूर्य मावळला. समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येऊ लागले. ह्यांनी विचारलं, "किती राहिलं कर्नूल?" मी पाटी वाचून सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा, "किती राहिलं कर्नूल?" नंतर गाडीचं चाक कडेच्या पांढऱ्या पट्टीवर गेलं, घर्रर्र आवाज झाला आणि ह्यांनी ती झटक्यात आत घेतली. त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. मेहकरचा तो मुरूम पुन्हा खडखडला.

"कर्नूलला थांबायचं," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला? पोरगी तिकडे कळा देतेय आणि आपण लॉजवर झोपायचं? साडेतीनशे किलोमीटर तर राहिलंय. एक वाजता पोचतो."

"तुम्ही दमलात."

"मी अजिबात दमलेलो नाही."

आणि मग सात वर्षं गिळलेलं तोंडातून बाहेर पडलं. "मेहकरच्या पुढे खड्डा नव्हता. तुम्ही झोपला होतात. मी जागी होते. बाभळीचं झाडही पाहिलंय मी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जागी होतीस?"

"हो."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मागून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना वाटायचं त्या झोपल्यात, पण त्या ऐकत होत्या. "माह्या बापाची दमणी होती. माहेरी जाताना बैल बी मुक्कामाले सोडत होते रे बापू. पानी पाजत, वैरन टाकत. तुले कोनं जुपून ठेवलं?"

तरीही ह्यांचं मन होईना. मी लेकीला फोन लावला. तिचा श्वास लागलेला. मला वाटलं, ती म्हणेल, लवकर ये. ती म्हणाली, "आई, तुम्ही रात्रीचे गाडीत आहात या विचारानेच मला सुधरत नाहीये. थांबा कुठे तरी. उद्या या, पण धड या."

हे ऐकून तुंगभद्रेचा पूल ओलांडल्यावर ह्यांनी गाडी कर्नूल शहराकडे वळवली.

बसस्टँडजवळ एक साधं लॉज मिळालं. सासूबाईंना पाय शेकायला गरम पाणी हवं होतं. त्यांनी आपल्या वऱ्हाडीत मागितलं. पोऱ्याने हाताने वाफ दाखवून विचारलं, "वेडी नीळ्ळू?"

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "वेडी कोनाले म्हन्ते रे?"

तेलुगूत 'वेडी नीळ्ळू' म्हणजे गरम पाणी, हे खाली काउंटरवरच्या माणसाने समजावलं तेव्हा त्या अवघड रात्रीतही आम्ही दोघी पोट धरून हसलो. हे हसायला नव्हते. 'मी जरा पाठ टेकतो, झोप काही येणार नाही' असं म्हणून पलंगावर आडवे झाले ते बूट न काढताच घोरू लागले. घड्याळात सव्वानऊ. थांबलो नसतो तर त्या वेळी आम्ही अंधारात गुत्तीच्या आसपास कुठे तरी असतो आणि गाडी हेच चालवत असते.

पहाटे पावणेपाचला फोन वाजला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोन ह्यांच्या उशाशी वाजत होता, तरी हे हलले नाहीत. दंडाला धरून गदागदा हलवलं तेव्हा उठले. 'मी अजिबात दमलेलो नाही' म्हणणारा माणूस! बातमी ऐकून पलंगाच्या कडेवर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

आम्ही दुपारी पोचलो. नातीला घेतलं, लेकीच्या केसांवरून हात फिरवला. ती काही बोलली नाही, नुसतं माझं मनगट धरून ठेवलं. आता मनातलं खरं सांगते. त्या रात्री मी तिथे नव्हते, ही रुखरुख आजही आहे. तिला पहिल्यांदा आई लागली तेव्हा आई कर्नूलच्या लॉजमध्ये छताकडे बघत पडली होती. थांबण्यात काहीच गमावलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही पारड्यांत काय आहे हे मी त्या रात्री पाहिलं होतं, आणि परत तशी वेळ आली तर परत थांबेन.

नंतर लेकीकडे बसल्या बसल्या मी या विषयाचं थोडं वाचलं. म्हटलं, आपली नुसती भीती होती की त्यात तथ्य होतं? सलग सतरा तास जागा असलेला माणूस बऱ्याच बाबतींत रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच सुस्तावतो, असं अभ्यासात आढळलेलं आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे थेंबही न घेतलेला आमचा सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला माणूस कर्नूलला रात्री साडेआठला त्या मर्यादेच्या पुढे गेला होता! दारू प्यालेल्याच्या हातात आपण स्टिअरिंग देत नाही, त्याला चार शब्द सुनावतो. झोपेने पेंगणाऱ्याला मात्र 'घ्या, चहा घ्या' म्हणतो.

डुलकी लागते तीही सांगून लागत नाही. तीन-चार सेकंदांची असते, डोळे उघडे असले तरी मेंदू मिटलेला. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास अठ्ठावीस मीटर जाते. चार सेकंदांत शंभर मीटरहून जास्त. तेवढं अंतर गाडी कोणीच चालवत नसतं. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतर, या दोन वेळा सगळ्यात वाईट. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याने घटकाभर बरं वाटतं, झोप जात नाही. चहा-कॉफीचा परिणाम व्हायलाही अर्धा तास लागतो. झोपेवर उपाय झोपच. गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटांची डुलकी काढली तर थोडा वेळ तरतरी येते. पण रात्रीच्या झोपेची भरपाई तिने होत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पगारी ड्रायव्हरसाठी दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. पगारी माणसासाठी हिशेब करावासा वाटला. घरच्या कर्त्या पुरुषासाठी मात्र कोणी हिशेब करत नाही. तो करायचा कोणी? घरच्यांनीच ना!

रस्ते आता सुंदर झालेत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, २०२५ च्या जूनपासून पूर्ण खुला आहे. रस्ता जितका सरळ आणि गुळगुळीत, तितका 'एका दमात'चा मोह मोठा. आणि तितकीच डोळ्यांवर झापडही लवकर येते. रस्ता बदलला, गाडी बदलली; माणसाचं शरीर मात्र दमणीच्या काळातलंच आहे.

या सगळ्यातून मी एकच गोष्ट शिकले. थांबायचं की नाही, हे रस्त्यावर ठरवायचं नसतं. 'बघू, दमलो तर थांबू' यात मोठी गोम आहे. दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे कळतच नाही. त्याला विचारलं तर तो 'नाही' म्हणणार, आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणून निर्णय घरी, ताज्या डोक्याने, सगळ्यांनी मिळून घ्यायचा. पंढरीच्या पालखीचे मुक्काम निघण्याआधीच ठरलेले असतात, विसाव्याच्या जागासुद्धा. वारकऱ्यांना काय विठोबाच्या भेटीची ओढ कमी असते?

आता आमच्या घरात काही गोष्टी ठरून गेल्यात. एकच चालवणारा असेल तर दिवसाला आठ तासांच्या वर स्टिअरिंग नाही. निघायच्या आदल्या रात्री पूर्ण झोप; सामान त्याच्या आदल्या दिवशी बांधायचं आणि ते बांधण्यात पुरुषांनीही हात लावायचा. अंधार पडायच्या सुमारास मुक्कामी पोचायचं. खोली आधी फोन करून ठेवायची आणि तिचे पैसे पेट्रोलच्या खर्चातच धरायचे. दर दोन तासांनी गाडी थांबणार म्हणजे थांबणार, पाय मोकळे करायला आणि बायकांना पोटभर पाणी पिता यावं म्हणून. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या डिकीत नाही, पर्समध्ये. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा मदतीचा नंबर सासूबाईंनाही पाठ आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गाडीतल्या कोणीही 'थांबा' म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं. शेजारी बसणारी बाई काही नुसती बडीशेप द्यायला बसलेली नसते. तिच्या हातात स्टिअरिंग नसलं तरी तोंड आहे. सात वर्षं मी ते बंद ठेवलं, तुम्ही ठेवू नका.

मी आणि सासूबाई बाळंतिणीजवळ सव्वा महिना राहणार होतो. हे आठवड्याने एकटेच गाडी घेऊन परत निघाले. माझा जीव टांगणीला. शेजारी 'थांबा' म्हणायला कोणी नाही. पहिली रात्र त्यांनी त्याच कर्नूलच्या लॉजवर काढली. दुसऱ्या दिवशी हैदराबादला दुकानासाठी थोडी कापडखरेदी केली आणि दुपारनंतर पुढे निघाले. मी मनात हिशेब करत होते. निर्मळहून घर फक्त दोनशे किलोमीटर. घर जवळ आलं की बैलही पाय उचलतात. हे काही आता थांबायचे नाहीत.

साडेसातला फोन वाजला. मी नातीला मांडीवर घेऊन बसले होते.

"निर्मळला थांबलोय," हे म्हणाले. "उद्या निघेन उजाडल्यावर. इथले लाकडी खेळणे घेतलेत बाळासाठी."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. सासूबाईंनी फोन हातातून घेतला. "जेवला का रे? खोली बरी हाय?"

"बरी आहे आई. आत्ताच पोऱ्याला सांगितलं, वेडी नीळ्ळू आण म्हणून."